यंत्राला ताप येतो तेव्हा



घरात कोणाला बरे वाटेनासे झाले म्हणजे आई प्रथम त्याच्या कपाळाला हात लावून पाहते. हात लावला की अंग तापले आहे एवढे समजते. तापमापक लावला म्हणजे ते किती तापले आहे हे समजते. आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे कागदावर एकाखाली एक मांडले म्हणजे ताप चढतो आहे की उतरतो आहे, हे समजते. ह्या तिन्ही पायऱ्यांत अखेरची पायरी सर्वांत मोलाची असते आणि बहुधा तीच आपल्या हातून गळते.

आमच्या घरच्या कोंकणीत तापाला ‘जोर’ म्हणतात. मूळ शब्द ज्वर. मराठीत मात्र जोर म्हणजे बळ. त्यामुळे लहानपणी मराठी पुस्तकात ‘त्याच्या अंगात फार जोर होता’ असे वाचले की आम्हांस त्या बिचाऱ्याची कणव येई. गेल्या उन्हाळ्यात आपल्या शाळेतील एका निर्जीव यंत्राच्या अंगी असाच कोंकणी जोर भरला. तो २३ दिवस राहिला, यंत्राने तो वारंवार सांगितला, आणि आम्हांपैकी एकाच्याही कानी तो पडला नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तथापि ज्या चुकीत आपला वाटा आहे ती मुळापासून समजून घेतल्यावाचून शिक्षकाने राहू नये, अशा समजुतीने आम्ही ह्या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हकीकत. एप्रिल महिन्यातील दिवस. शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरावयाचे होते आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. बारा मुले-मुली कागदपत्रे घेऊन संगणकांच्या दालनात बसली होती. दुपारी सव्वादोनच्या सुमारास सर्व संगणकांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध एकाएकी तुटला. वीज होती, संगणक चालू होते. पण अर्ज पुढे सरकेना. शोध घेता घेता सायंकाळ झाली. अकरा अर्ज गावातील एका संगणक-केंद्रात रात्री आठपर्यंत कसेबसे भरून झाले. बारावी मुलगी शेवटच्या बसने घरी निघून गेली होती आणि तिच्या घरचा फोन लागत नव्हता. तिचा अर्ज राहिला.

दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. त्याने वाचनालयातील लाकडी कपाट उघडले, तेव्हा भट्टीचे दार उघडावे तशी झळ बाहेर आली. कपाटात ‘स्विच’ नावाचे यंत्र होते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांना घट्ट टेकून ह्याच वार्षिकाच्या मागील अंकांचे गठ्ठे रचलेले होते. ते गठ्ठे आम्हीच ठेवले होते. वाचनालयाच्या एका कोपऱ्यात कौले गळत होती. अंक भिजू नयेत म्हणून आम्ही त्यांना कोरडी जागा शोधून दिली होती! तंत्रज्ञाने मग कोपऱ्यातील एक जुना संगणक सुरू केला, म्हणजे त्याचा केवळ पडदा सुरू केला. संगणक अहोरात्र चालूच होता. वीज वाचावी म्हणून पडदा आम्हीच बंद करून ठेवला होता. त्या पडद्यावर स्विचाने पाठविलेल्या ३७ नोंदी ओळीने उभ्या होत्या. पहिली २३ दिवसांपूर्वीची होती. प्रत्येकीचा आशय एकच: तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले आहे.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली. सर्व प्रकार ऐकून तिने विचारले, “सर, यंत्र सांगत होते असे दादा म्हणाले. मग ते सांगत होते तरी कोणाला?” तिच्या स्वरात आक्षेप नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. ह्या लेखात आम्हांस उत्तर द्यावयाचे आहे ते ह्याच प्रश्नाचे.

स्विच म्हटले की भिंतीवरचे दिव्याचे बटण डोळ्यांपुढे येते. येथील स्विच निराळा. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ह्यांनी अनेक संगणक एका तारेने जोडण्याची ‘इथरनेट’ ही पद्धत सिद्ध केली. आरंभी सर्व संगणक एकाच तारेवर बोलत. चव्हाट्यावर पुष्कळ माणसे जमावीत, एकाने बोलावे, इतरांनी थांबावे, दोघे एकदम बोलले तर दोघांनी पुन्हा आरंभ करावा, असा तो मामला होता. संगणक वाढले तसा गोंधळही वाढला. टपाल कचेरीतील वाटणी करणारा कारकून जसा प्रत्येक पत्रावरील पत्ता वाचून ते नेमक्या त्या गावच्या थैलीत टाकतो, तसा कारकून ह्या तारांना हवा होता. तो कारकून म्हणजे स्विच. अशा पद्धतीचा पहिला स्विच १९९०च्या सुमारास अमेरिकेतील एका लहानशा कंपनीने बाजारात आणला. विनोद भारद्वाज ह्या भारतीय वंशाच्या गृहस्थांनी लॅरी ब्लेअर ह्या सहकाऱ्यासह ती काढली होती, आणि भारद्वाजांच्या पत्नीच्या नावावरून तिचे नाव ठेवले होते ‘कल्पना’. १९९४ साली सिस्को ह्या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. आज शाळा, बँक, इस्पितळ, रेल्वे, जेथे जेथे चारदोन संगणक एकत्र नांदतात, तेथे कपाटात कोठेतरी हा कारकून बसलेला असतो. तो आहे हे लोकांना तो बंद पडल्यावर कळते.

आता हा कारकून तापतो का? ह्याचे उत्तर फार साधे आहे. वीज खर्चून यंत्र जे काही काम करते, त्यातील जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ६० वॅट वीज घेणारा स्विच बंद कपाटात ठेवणे म्हणजे जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा त्या कपाटात रात्रंदिवस जळत ठेवण्यासारखे आहे. दिव्याची काच हाताला चटका देते म्हणून आपण सावध असतो. स्विचाचा डबा दिसायला थंड व सभ्य असतो, एवढाच काय तो फरक.

त्यात २००३ सालापासून आणखी एक भर पडली. संदेशाच्या तारेतूनच पलीकडील उपकरणाला वीजही पुरवावी, असे एक मानक त्या वर्षी ठरले. प्रथम दर जोडणीला १५.४ वॅटपर्यंत वीज देता येई. २००९ साली ही मर्यादा ३० वॅटपर्यंत वाढली आणि २०१८च्या मानकाने ९० वॅटपर्यंत गेली. पहाऱ्याचे कॅमेरे, बिनतारी संदेशाची उपकरणे, टेबलावरचे टेलिफोन ह्यांना त्यामुळे वेगळी वीजजोडणी लागत नाही. ह्या विजेचा मोठा भाग पलीकडच्या टोकाला खर्च होतो हे खरे. परंतु तिचे रूपांतर करताना होणारी झीज स्विचाच्याच पोटात उष्णता होऊन राहते. आपल्या शाळेत त्या मार्च महिन्यात सहा नवे कॅमेरे ह्याच स्विचाला जोडले गेले होते. म्हणजे एका बाजूने आम्ही त्याचे काम वाढविले आणि दुसऱ्या बाजूने त्याचे नाक दाबले!

उष्णतेने नुकसान होते ते दोन प्रकारचे. एक एकाएकी होणारे: आतील मुख्य चिप फार तापली की ती चुका करू लागते, अथवा स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र आपोआप बंद होते. आपल्याकडे घडले ते हेच. दुसरे नुकसान सावकाश होणारे, म्हणून अधिक फसवे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस ह्यांनी १८८९ साली असे दाखविले की, तापमान थोडे वाढले तरी रासायनिक क्रियांचा वेग पुष्कळ वाढतो. स्विचाच्या वीजपुरवठ्यात कपॅसिटर नावाचे नळकांड्यांसारखे भाग असतात. त्यांच्यापैकी काहींत ओलसर द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. अशा कपॅसिटरांविषयी कारागिरांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे जो भाग आठ वर्षे टिकावयाचा, तो दहा अंश अधिक तापवला तर चार वर्षांत आणि वीस अंश अधिक तापवला तर दोन वर्षांत संपतो. पंख्याच्या आसातील वंगणही असेच वाळते. पंखा मंदावला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पंखा आणखी मंदावतो. अशा वेळी यंत्र बंद पडलेले नसते. त्याचे आयुष्य मात्र गुपचूप खर्च होत असते.

यंत्राला आपला ताप समजतो तरी कसा? १८३३ साली मायकेल फॅरडे ह्यांना सिल्व्हर सल्फाइड ह्या पदार्थाचा एक विलक्षण गुण आढळला. साध्या धातू तापल्या म्हणजे विजेला अधिक विरोध करतात; हा पदार्थ तापला की त्याचा विरोध उलट कमी होतो. ‘थर्मिस्टर’ नावाचा तापमान मोजणारा भाग ह्याच जातीच्या गुणावर चालतो. दुसरी युक्ती चिपच्या आतच असते. डायोड नावाच्या सूक्ष्म घटकातून ठरावीक प्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांमधील विद्युद्दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट ह्या प्रमाणात उतरतो. दाब मोजला की तापमान कळले. असे मापक स्विचात एकाहून अधिक असतात: हवा आत येते तेथे, बाहेर जाते तेथे, आणि चिपच्या पोटात.

येथे नवशिक्याची पहिली चूक होते. ‘स्विचाचे तापमान ६५ अंश’ असे कोणी सांगितले, तर घाबरावे की नाही? मापक चिपच्या पोटातील असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळ चिपांची मर्यादा १०० ते १२५ अंशांच्या दरम्यान असते. तोच आकडा आत येणाऱ्या हवेचा असेल तर मात्र धावत सुटावे. कारण कचेरीत वापरावयाच्या साध्या स्विचाला भोवतालची हवा ४० किंवा ४५ अंशांपर्यंतच चालते. म्हणून आकडा विचारण्यापूर्वी ‘कोठला?’ असे विचारावे. तापमापक जिभेखाली लावला की चुलीजवळ धरला, हे न सांगता ताप सांगण्यात काय अर्थ?

दुसरी चूक एकाच आकड्यावर भिस्त ठेवण्याची. जर्मनीतील लाइपझिगचे वैद्य कार्ल वुंडरलिश ह्यांनी हजारो रोग्यांचे तापमान नियमाने मोजून १८६८ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते ही गोष्ट त्यांच्यामुळे सर्वतोमुखी झाली. त्यांचा खरा धडा मात्र निराळा होता. पुन्हा पुन्हा मोजा, मांडा आणि रेषेचे वळण पाहा. रोग ओळखतो तो वळणाने. रोग्याच्या खाटेशी टांगलेला तापाचा तक्ता हा त्याच धड्याचा वारसा. स्विचालाही असाच तक्ता हवा. दुपारी ३९ अंश आणि पहाटे ३३ अंश असा रोजचा खेळ चालला असेल, तर ते हवामान झाले. परंतु पहाटेचा आकडा आठवड्यात ३३, मग ३५, मग ३८ असा चढत गेला, तर दोष यंत्रात अथवा त्याच्या कपाटात आहे, हे ठरीव समजावे.

ह्याहून नेमकी खूण म्हणजे वजाबाकी. खोलीत एक साधा तापमापक टांगावा. स्विचाच्या तोंडाशी येणाऱ्या हवेच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे. खोलीत ३१ आणि स्विचाच्या तोंडाशी ३६ असतील, तर फरक ५. भर उन्हाळ्यात दोन्ही आकडे वाढतील, पण फरक पाचच राहिला तर यंत्र निर्दोष. ऊन न वाढता फरक ९ झाला, तर वारा कोठेतरी अडला आहे. आमच्या त्या २३ दिवसांत ही वजाबाकी कोणी एकदा जरी केली असती, तरी गठ्ठ्यांचा अपराध त्याच दिवशी उघडकीस आला असता.

आता इशाऱ्याकडे वळू. यंत्र इशारा देते तो पायऱ्यापायऱ्यांनी. एका प्रचलित जातीच्या स्विचात ४९ अंशांवर पिवळी रेषा आणि ५९ अंशांवर तांबडी रेषा असते. त्याखाली सारे हिरवे. पिवळा म्हणजे ‘लक्ष द्या’, तांबडा म्हणजे ‘आता वेळ उरली नाही’. दोहोंमधील ते दहा अंश म्हणजे केवळ आकडे नव्हेत. ते माणसाला दिलेले अवसर आहेत, दार उघडावयाला, पंखा तपासावयाला, तंत्रज्ञाला बोलवावयाला. तंत्रज्ञाला हे अंतर वाढविता येते. जेथे मदत उशिरा पोहोचते तेथे ते अवश्य वाढवावे.

तापमान नेमके रेषेवरच घोटाळू लागले तर? ४९ झाले की इशारा, ४८ झाले की रद्द, पुन्हा ४९, पुन्हा इशारा. एका तासात शंभर नोंदी. म्हणून पुष्कळ ठिकाणी इशारा द्यावयाची रेषा एक आणि तो मागे घ्यावयाची रेषा तिच्याहून दोनतीन अंश खाली, अशी योजना करतात. हे क्षुल्लक वाटते. पण ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्हांस पाठ आहे. त्या गोष्टीत लांडगा अखेर खरोखरच आला होता, हे विसरू नका. जो इशारा दिवसातून शंभरदा होतो तो इशारा राहत नाही. त्याची किरकिर होते.

समुद्रकाठी राहणाऱ्या आपणांस पायऱ्यांचे इशारे नवे नाहीत. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी किनाऱ्याला ओढली जाते. आपल्या देशातील बंदरांवरील ह्या खुणांचे क्रमांक १ पासून ११ पर्यंत आहेत आणि दहापर्यंत आकडा वाढेल तसा धोका वाढतो. यंत्रांच्या नोंदींची रीत ह्याच्या नेमकी उलटी. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन ह्यांनी ‘सिसलॉग’ ही नोंदी पाठविण्याची पद्धत तयार केली; तिच्यात ० ते ७ अशा आठ श्रेणी आहेत आणि आकडा जितका लहान तितका प्रसंग बिकट. ७ म्हणजे तपासनिसाच्या उपयोगाची बारीकसारीक माहिती, ४ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर, ० म्हणजे यंत्रणा निकामी. आमच्या ३७ नोंदींपैकी पहिल्या ३५ चौथ्या श्रेणीच्या होत्या. शेवटच्या दोन दुसऱ्या श्रेणीच्या, त्या अखेरच्या दुपारच्या.

इशारा माणसापर्यंत येण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला, यंत्राने स्वतःच्या वहीत नोंद करणे. परंतु ही वही बहुधा यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात असते. वीज गेली की कोरी होते. म्हणून दुसऱ्या संगणकाकडे नोंदीची प्रत पाठवावी. आपल्याकडे ती पाठविली जात होती म्हणूनच पुढे शोध लागला. दुसरा मार्ग, यंत्राने आपण होऊन निरोप धाडणे. ‘एस्एन्एम्पी’ नावाची, १९८८ साली ठरलेली भाषा ह्या कामी वापरतात. पण साधा निरोप पोचपावतीवाचून जातो; वाटेत हरवला तर पाठविणाऱ्यास पत्ता नसतो. म्हणून तिसरा मार्ग: ठरावीक वेळाने, उदाहरणार्थ दर पाच मिनिटांनी, आपण होऊन यंत्राला विचारणे, ‘बाबा रे, तापमान किती?’ शहाणा माणूस निरोपाची वाटही पाहतो आणि विचारपूसही करतो.

विचारपूस केली आणि उत्तरच आले नाही, तर? येथे बंदरावरचा शेवटचा क्रमांक ध्यानी घ्या. अकरावी खूण कोणत्याही वादळाची नव्हे. तिचा अर्थ एवढाच की, वादळाची सूचना देणाऱ्या कचेरीशी असलेले दळणवळण तुटले आहे. ज्यांनी ही योजना केली त्यांचे शहाणपण पाहा! बातमी नाही ह्याचा अर्थ वादळ नाही असा त्यांनी घेतला नाही. बातमी न येणे हाच त्यांनी धोका मानला. यंत्रांच्या भाषेतही ही सोय आहे. २००२ साली मापकांच्या नोंदींसाठी जो समान तक्ता प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक मापकाचा आकडा तर असतोच, शिवाय त्याची स्वतःची अवस्थाही असते: ठीक आहे, आकडा मिळत नाही, अथवा मापकच बिघडले आहे. आठ दिवस दर प्रहरी नेमका एकच आकडा सांगणारे मापक शांत नसते. बहुधा मेलेले असते.

इशारा मिळाल्यावर करावे काय? प्रथम खोलीचे तापमान पाहावे आणि वजाबाकी करावी. हवेच्या जाळ्यांपुढे काही आहे का, ते पाहावे. पंखे फिरत आहेत का, हे हात जवळ धरून आणि कान देऊन तपासावे. नेहमीपेक्षा मोठा घरघराट हाही इशाराच. कपाटाचे दार उघडावे. अनावश्यक भार काढता आला तर काढावा. धूळ झाडावयाची ती वीज बंद करून आणि जाणत्याच्या हातून. एक गोष्ट मात्र कदापि करू नये: इशारा थांबावा म्हणून पिवळी रेषाच वर सरकवू नये. तापमापकावरील खुणा पुसल्याने ताप उतरत नाही.

ह्या सर्वांपेक्षा आधी करावयाचे एक काम आहे: इशारा कोणाकडे जाईल त्याचे नाव लिहिणे. ‘शाळेकडे’ गेलेला निरोप कोणाकडेच जात नाही. एक नाव, आणि ते रजेवर असेल तर दुसरे. शिवाय हा निरोप खरोखर पोहोचतो का, ह्याची सत्रातून एकदा परीक्षा घ्यावी. आम्ही ती अशी घेतो: तांबडी रेषा ५९ वर आहे, पिवळीचे तिच्यापासूनचे अंतर तंत्रज्ञ १० वरून २५ करतो, म्हणजे पिवळी ३४ वर येते. स्विच ३६ वर असतोच. लगेच इशारा निघतो आणि नाव लिहिलेल्या माणसाच्या फोनवर तो आला की नाही ते दिसते. मग अंतर पूर्ववत करून ठेवतो.

आपल्या शाळेत आता एक साधी नोंदवही आहे. नववीचे विद्यार्थी पाळीपाळीने सकाळी साडेआठला आणि दुपारी दीडला खोलीचे तापमान, स्विचाच्या तोंडाशी असलेले तापमान व त्यांतील फरक लिहितात. गठ्ठे दुसऱ्या कपाटात गेले. कौलेही शाकारून झाली. ऑक्टोबरच्या उकाड्यात एका सोमवारी फरक ५ चा ७ झाला, बुधवारी ९ झाला. पिवळी रेषा अजून दूर होती. यंत्राने चकार शब्द काढला नव्हता. तरीही मुलांनी कपाट उघडावयास लावले. एका बाजूच्या जाळीवर कुंभारीण माशीने मातीचे सुबक घर बांधले होते आणि वाऱ्याची अर्धी वाट लिंपून टाकली होती. ते घर काढले. दुसऱ्या दिवशी वहीत फरकाच्या रकान्यात पुन्हा ५ आले. आम्हांस त्या पाचाचे जेवढे कौतुक वाटले, तेवढे परीक्षेतील शंभर गुणांचेही क्वचितच वाटले असेल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. यंत्र सांगत होते तरी कोणाला? खरे उत्तर असे: ते कोणालाच सांगत नव्हते, कारण त्याचे ऐकावयास आम्ही कोणालाच नेमले नव्हते. मापक अचूक होते, रेषा योग्य होत्या, नोंदी वेळेवर निघाल्या, त्या टिपून घेणारा संगणकही जागा होता. एवढी सारी साखळी शाबूत होती. तिची शेवटची कडी माणसाची, ती तेवढी नव्हती. ऐकणारा असल्यावाचून इशारा पुरा होत नाही, मग तो यंत्राचा असो, बंदरावरचा असो, की वर्गातील एखादे मूल काही दिवसांपासून गप्प गप्प असल्याचा असो.

त्या मुलीने यंदा अर्ज मुदतीच्या आठ दिवस आधी भरला. मागील वर्षाची शिष्यवृत्ती मात्र परत येणार नाही, आणि ती नोंद आमच्या नावावर आहे. नोंदवहीचे रकाने आखताना आम्ही चार आखले होते: दिनांक व वेळ, खोली, स्विच, फरक. ती वही पाहून पाचवा रकाना तिनेच सुचविला. आता तो रोज भरला जातो. त्याचे नाव आहे ‘पाहणाऱ्याची सही’.